ऑस्करच्या दारात चित्रपटाचा पासपोर्ट : अकॅडमीच्या बोर्ड ऑफ गव्हर्नर्सना खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष आणि बोर्ड ऑफ गव्हर्नर्सचे सर्व सदस्य,
अकॅडमी ऑफ मोशन पिक्चर आर्ट्स अँड सायन्सेस,
बेव्हर्ली हिल्स, कॅलिफोर्निया.

विषय : 'सर्वोत्कृष्ट आंतरराष्ट्रीय चित्रपट' या विभागातील प्रवेशाच्या नियमांबाबत.

सन्माननीय सदस्यहो,

आपल्या संस्थेने ९८व्या ऑस्कर पुरस्कारांसाठी जाहीर केलेल्या नियमांप्रमाणे 'सर्वोत्कृष्ट आंतरराष्ट्रीय चित्रपट' या विभागात दाखल होण्यासाठी चित्रपटाला काही अटी पूर्ण कराव्या लागत होत्या. तो अमेरिकेबाहेर तयार झालेला आणि चाळीस मिनिटांहून मोठा असावा, त्यातील निम्म्याहून अधिक संवाद इंग्रजीखेरीज अन्य भाषेत असावेत, १ ऑक्टोबर २०२४ ते ३० सप्टेंबर २०२५ या काळात तो अमेरिकेबाहेरच्या चित्रपटगृहात तिकीट लावून सलग सात दिवस चाललेला असावा, आणि एखाद्या देशाच्या मान्यताप्राप्त निवड समितीने त्या वर्षीचा आपला एकमेव चित्रपट म्हणून तो पाठवलेला असावा. यांपैकी पहिल्या सगळ्या अटी निर्मात्याला आणि दिग्दर्शकाला स्वतःच्या हिमतीवर पूर्ण करता येतात. शेवटची अट मात्र त्यांच्या हातात नसते. चित्रपट कितीही चांगला असला, जगभर कितीही नावाजला गेला, तरी त्याच्या देशातल्या मोजक्या मंडळींनी दुसऱ्या चित्रपटाच्या बाजूने कौल दिला की त्याच्यासाठी हा विभाग कायमचा बंद होतो. हे पत्र प्रामुख्याने त्या एका अटीविषयी आहे. देशांचा मार्ग बंद करावा, असे माझे म्हणणे नाही. तो एकमेव मार्ग असू नये, एवढेच मागणे आहे, आणि दुसरा मार्ग कसा असू शकतो तेही मी पुढे मांडले आहे.

ही अट आली कशी, ते समजण्यासारखे आहे. १९४७ ते १९५५ या काळातील चित्रपटांपर्यंत आपण परभाषिक चित्रपटांना जे गौरव दिले ते विशेष सन्मान होते. त्यांत स्पर्धा नव्हती, नामांकने नव्हती आणि निवड आपल्याच संस्थेकडून होत असे. व्हित्तोरिओ दे सिका यांचा 'शूशाइन' हा त्यातला पहिला. १९५६ च्या चित्रपटांपासून स्पर्धात्मक विभाग सुरू झाला, पहिला मान फेदेरिको फेलिनी यांच्या 'ला स्त्रादा'ला मिळाला, आणि चित्रपट निवडून पाठवण्याचे काम देशोदेशींच्या संस्थांकडे सोपवले गेले. त्या काळी दुसरा सोयीचा उपाय नव्हता. दूरच्या देशात त्या वर्षी काय निघाले, त्यातले चांगले कोणते, हे कॅलिफोर्नियात बसून ठरवणे अवघड होते आणि प्रत पाठवायची म्हणजे रिळांचे डबे समुद्रापार धाडावे लागत. आज आपले सभासद जगभर पसरलेले आहेत आणि पात्र ठरलेले चित्रपट ते आपल्याच ऑनलाइन व्यासपीठावर घरी बसून पाहतात. ज्या अडचणीसाठी अट घातली ती अडचण आता राहिलेली नाही.

या व्यवस्थेत पुरस्कारही चित्रपटाचा होता होता देशाचा होऊन बसला. नामांकनाच्या यादीत देशाचे नाव येते, रंगमंचावर जाऊन पुरस्काराची बाहुली दिग्दर्शक स्वीकारतो, पण त्या बाहुलीवर दिग्दर्शकाचे नाव कोरायला सुरुवात झाली ती २०१४ साली. म्हणजे स्पर्धा सुरू झाल्यानंतर जवळजवळ साठ वर्षांनी.

देशाचा शिक्का आणि चित्रपटाची योग्यता या दोन गोष्टींचा संबंध किती पातळ आहे, याचे आपल्याच दप्तरातले एक उदाहरण देतो. भूतानने 'लुनाना : अ याक इन द क्लासरूम' हा चित्रपट प्रथम पाठवला तेव्हा तो अपात्र ठरला, कारण त्या देशात आपल्या मान्यतेची निवड समितीच नव्हती. पुढच्या वर्षी रीतसर समिती स्थापन झाली, तिने तोच चित्रपट पुन्हा पाठवला, आणि ९४व्या पुरस्कारांत त्याला नामांकन मिळाले. चित्रपटातली एक चौकटही बदलली नव्हती. मधल्या काळात बदलला होता तो फक्त अर्जावर सही करणारा.

भारताविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण या अटीची कसोटी जिथे सर्वांत जास्त लागते अशा देशांपैकी तो एक आहे. भारतात एक राष्ट्रीय चित्रपटसृष्टी नाही. मराठी, मल्याळम, तमिळ, तेलुगू, बंगाली, कन्नड, असमिया, हिंदी अशा अनेक भाषांच्या स्वतंत्र सृष्ट्या आहेत. प्रत्येकीचे कलावंत, प्रेक्षक, परंपरा आणि पेठा वेगळ्या आहेत. त्यांतल्या काही भाषा बोलणाऱ्यांची संख्या युरोपातल्या अनेक देशांच्या लोकसंख्येहून मोठी आहे. या साऱ्यांना मिळून आपल्याकडे जागा एक. फिल्म फेडरेशन ऑफ इंडियाने नेमलेली समिती दरवर्षी ती जागा भरते. १९५७ साली 'मदर इंडिया' गेला आणि त्याला नामांकन मिळाले. त्यानंतर 'सलाम बॉम्बे!' आणि 'लगान' एवढे दोनच भारताचे चित्रपट अंतिम पाचांत पोहोचले. मराठीच्या वाट्याला ही जागा 'श्वास', 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' आणि 'कोर्ट' या तीन चित्रपटांच्या रूपाने आली. 'श्वास'च्या वेळी अमेरिकेतल्या प्रचारासाठी पैसा कमी पडत होता, तेव्हा सामान्य माणसांनी वर्गणी काढली होती. त्या उत्साहाचे मला आजही कौतुक वाटते. पण मराठी चित्रपट गेला त्या वर्षी मल्याळम किंवा असमिया चित्रपट जाऊ शकला नाही, हेही तितकेच खरे आहे. यात कुणाचा दोष नाही. एका जागेसाठी वीस भाषांनी भांडावे, ही मांडणीच चुकीची आहे.

समितीने निवडलेला चित्रपट वाईट आणि डावललेला चांगला, असे म्हणण्याचा माझा हेतू नाही. २०१३ मध्ये 'द लंचबॉक्स' ऐवजी 'द गुड रोड' गेला, २०२२ मध्ये 'आरआरआर' ऐवजी 'छेल्लो शो' गेला, आणि दोन्ही वेळी वाद झाले. 'छेल्लो शो' नामांकनांआधीच्या पंधरा चित्रपटांच्या निवडक यादीपर्यंत पोहोचला, म्हणजे समितीची निवड अगदीच निराधार नव्हती. दुसरीकडे 'आरआरआर'मधील 'नाटू नाटू' या गाण्याला त्याच सोहळ्यात सर्वोत्कृष्ट गीताचा पुरस्कार मिळाला. 'द गुड रोड' आणि 'छेल्लो शो' या दोन्ही गुजराती चित्रपटांबद्दल मला आदर आहे. पण एकाला पुढे करायचे तर दुसऱ्याला खाली बसवायचे, ही सक्ती आपल्या नियमाने निर्माण केली आहे.

२०२४ साली या सक्तीचे पूर्ण रूप दिसले. पायल कपाडिया यांच्या 'ऑल वुई इमॅजिन ॲज लाइट' या चित्रपटाला फ्रान्समधल्या कान महोत्सवात ग्रां प्री हे दुसऱ्या क्रमांकाचे पारितोषिक मिळाले. तीस वर्षांत प्रथमच एखादा भारतीय चित्रपट तिथल्या मुख्य स्पर्धेत पोहोचला होता. मुंबईत घडणाऱ्या या चित्रपटात माणसे मल्याळम, हिंदी आणि मराठी बोलतात. भारताच्या समितीने एकोणतीस चित्रपटांतून किरण राव यांचा 'लापता लेडीज' निवडला. चित्रपटाच्या निर्मितीत फ्रान्सचा वाटा असल्यामुळे फ्रान्सने 'ऑल वुई इमॅजिन'चा विचार केला होता. अखेरीस त्यांनी 'एमिलिया पेरेझ' पाठवला, जो फ्रेंच दिग्दर्शकाने स्पॅनिशमध्ये मेक्सिकोविषयी केलेला चित्रपट आहे. त्याच वर्षी ब्रिटनने संध्या सूरी यांचा 'संतोष' पाठवला, ज्याची भाषा हिंदी आणि पार्श्वभूमी उत्तर भारताची आहे. निवडक पंधरांत 'संतोष' आला, 'लापता लेडीज' आला नाही, आणि 'ऑल वुई इमॅजिन' तर आपल्या सभासदांसमोर या विभागात ठेवलाच गेला नाही. गोल्डन ग्लोबने मात्र त्याला परभाषिक चित्रपटाच्या आणि दिग्दर्शनाच्या अशा दोन्ही विभागांत नामांकन दिले, बाफ्टा या ब्रिटिश अकॅडमीनेही परभाषिक चित्रपटांत त्याची दखल घेतली. या दोन्ही संस्थांकडे चित्रपट दाखल करायला कुठल्या देशाचे पत्र लागत नाही. त्यांच्या व्यवस्थेत इतर दोष असतील. गोल्डन ग्लोबने २०२१ मध्ये 'मिनारी' या अमेरिकेतच घडलेल्या आणि अमेरिकेतच तयार झालेल्या चित्रपटाला केवळ त्यातली माणसे कोरियन बोलतात म्हणून परभाषिकांच्या रांगेत बसवले होते आणि टीकेनंतर नियम बदलला होता. पण चित्रपटाने आपल्या पायांनी चालत यावे, हे तत्त्व त्यांनी मान्य केले आहे.

त्या वर्षी निवड करणाऱ्यांच्या बाजूने व्यक्त झालेले एक मत वृत्तपत्रांतून गाजले. 'ऑल वुई इमॅजिन' पाहताना भारतात घडणारा युरोपीय चित्रपट पाहत असल्यासारखे वाटते, असे ते मत होते. त्याचे खूप हसे झाले, रागही व्यक्त झाला. मला वाटते, त्या मताकडे जरा सहानुभूतीने पाहावे. 'आपल्या देशाच्या वतीने चित्रपट पाठवा' असे सांगितल्यावर समितीतल्या माणसाच्या मनात देशाचे प्रतिनिधित्व कोण करते, हाच प्रश्न आधी येणार. चित्रपट चांगला आहे का, हा प्रश्न मागे पडणार. हा गोंधळ आपल्या नियमातच रुजलेला आहे. ब्रिटनने २०२३ साली 'द झोन ऑफ इंटरेस्ट' पाठवला, जर्मन भाषेतला, आउशवित्झ या नाझी छळछावणीच्या भिंतीलगत घडणारा. त्याने ब्रिटनला या विभागातला पहिला पुरस्कार मिळवून दिला, आणि तो पुरेसा ब्रिटिश आहे का, असे विचारण्याची गरज कुणाला वाटली नाही. ज्या देशांना स्वतःची ओळख जगासमोर सिद्ध करण्याचे ओझे नसते, त्यांच्या समित्या मोकळेपणाने निवड करू शकतात. बाकीच्यांच्या समित्या झेंडा शोधत बसतात.

याहून गंभीर प्रश्न अशा दिग्दर्शकांचा आहे ज्यांचा स्वतःच्या सरकारशीच झगडा चालू आहे. मोहम्मद रसूलोफ यांनी 'द सीड ऑफ द सेक्रेड फिग' इराणमध्ये लपूनछपून चित्रित केला, आठ वर्षांच्या कैदेची आणि फटक्यांची शिक्षा झाल्यावर २०२४ मध्ये ते देश सोडून गेले, आणि तो चित्रपट आपल्याकडे आला तो जर्मनीच्या नावावर. जफर पनाही यांच्या 'इट वॉज जस्ट ॲन ॲक्सिडेंट' या चित्रपटाला २०२५ मध्ये कानचे सर्वोच्च पारितोषिक मिळाले. तो फ्रान्सने पाठवला. इराणमधल्या समितीने हे चित्रपट पाठवले असते, असे कुणी गंभीरपणे म्हणणार नाही. १९९० च्या चित्रपटांत 'जू दोऊ'ला नामांकन मिळाल्यावर चीनच्या सरकारने ते मागे घेण्याचा आग्रह धरला होता आणि आपण तो मानला नव्हता. त्याबद्दल आपले कौतुक करायला हवे. पण तिथे निदान चित्रपट आपल्यापर्यंत पोहोचलेला होता. २०१२ मध्ये इराणने आणि २०२२ मध्ये रशियाने चित्रपटच न पाठवण्याचा निर्णय घेतला, तेव्हा त्या देशांतला जो कुणी दिग्दर्शक सत्तेच्या विरोधात उभा होता, त्याचेही दार आपोआप बंद झाले. निर्णय सत्तेच्या आसपासच्या मंडळींचा, शिक्षा सगळ्यांना.

सात दिवसांच्या प्रदर्शनाच्या अटीतूनही असाच पेच निर्माण होत असे. पाकिस्तानच्या 'जॉयलँड'ला त्याच्या देशाच्या समितीने २०२२ साली निवडले होते, तरी प्रदर्शनाच्या तोंडावर सरकारने प्रमाणपत्र काढून घेतले, पुढे ते परत दिले तरी पंजाब प्रांताने बंदी कायम ठेवली. प्रदर्शन अमेरिकेबाहेर कुठेही चालेल, अशी सवलत आपण आता दिलेली आहे आणि ती योग्य आहे. भारतात 'संतोष'ला सेन्सॉरने सुचवलेल्या कापाकापीमुळे चित्रपटगृहांत येता आले नाही. ब्रिटनचा हात नसता तर तोही आपल्याला दिसला नसता.

९८व्या पुरस्कारांच्या नियमांत आपण आणखी एक सुधारणा केली. चित्रपटाचे सर्जनशील नियंत्रण पाठवणाऱ्या देशाच्या नागरिकांच्या किंवा रहिवाशांच्या हाती असावे, अशी अट पूर्वीपासून होती; त्यात आता त्या देशात निर्वासित म्हणून आश्रय मिळालेल्यांचाही समावेश झाला. हेतू चांगला आहे आणि त्याचा काही जणांना फायदाही होईल. परंतु त्यामुळे ओझे फक्त एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर गेले. आश्रय देणाऱ्या देशाकडेही जागा एकच आहे. फ्रान्सने ती फारसी चित्रपटाला दिली, म्हणजे त्या वर्षी फ्रान्समधल्या कुठल्याच फ्रेंच चित्रपटाला ती मिळाली नाही. फ्रान्सला हे औदार्य परवडते, कारण तिथल्या चित्रपटांना जगात इतर वाटा मोकळ्या आहेत. एखाद्या लहान देशाच्या समितीने असे औदार्य दरवर्षी दाखवावे, अशी अपेक्षा करणे बरोबर नाही. शिवाय हा आधार मिळतो तो युरोपातला सहनिर्माता ज्याच्या पाठीशी आहे त्याला. ज्याने स्वतःच्या देशात, स्वतःच्या पैशाने, सरकारचा रोष पत्करून चित्रपट केला आणि जो अजून तिथेच राहतो, त्याच्यासाठी आपल्या नियमावलीत एक ओळही नाही.

आणि देश म्हणजे काय, हे ठरवण्याचे काम तरी आपण का अंगावर घ्यावे? २००२ मध्ये पॅलेस्टाइनच्या चित्रपटावरून वाद झाला; पुढे तिथले चित्रपट स्वीकारले गेले, पण देशाचे नाव कसे लिहायचे यावर पुन्हा काथ्याकूट झालाच. 'अ प्लेस इन द वर्ल्ड' या चित्रपटाला १९९२ साठी उरुग्वेच्या नावाने मिळालेले नामांकन, त्यात उरुग्वेचा वाटा पुरेसा नाही म्हणून, मतदानाआधी रद्द करावे लागले. अमेरिकेच्या ताब्यातल्या प्वेर्तो रिको या बेटाला आधी प्रवेश होता, एक नामांकनही मिळाले होते, आणि २०११ पासून तो प्रवेश बंद झाला. परराष्ट्र खात्याचे हे काम चित्रपट संस्थेला शोभत नाही, आणि ते तिला नीट जमतही नाही.

भाषेच्या अटीबद्दल थोडक्यातच लिहितो, कारण तिच्यात बदल करण्याची तयारी आपण पूर्वी दाखवलेली आहे. २००५ साली 'काशे' हा ऑस्ट्रियाचा चित्रपट फ्रेंचमध्ये आहे म्हणून नाकारला गेला. पुढच्याच वर्षी चित्रपटाची भाषा पाठवणाऱ्या देशाचीच असली पाहिजे ही अट गेली आणि कॅनडाने पाठवलेल्या दीपा मेहता यांच्या हिंदी 'वॉटर'ला नामांकन मिळाले. २०१९ मध्ये विभागाचे नाव बदलून आपण त्यात 'आंतरराष्ट्रीय' हा शब्द आणला. त्याच वर्षी नायजेरियाने प्रथमच चित्रपट पाठवला आणि 'लायनहार्ट'च्या पंच्याण्णव मिनिटांत इग्बो भाषा जेमतेम अकरा मिनिटे आहे म्हणून तो बाद झाला. नायजेरियाची राजभाषा इंग्रजी आहे, कारण तिथे इंग्रजांचे राज्य होते. शेकडो भाषांच्या त्या देशात माणसे एकमेकांशी जशी बोलतात तशीच ती चित्रपटातही बोलली. त्याआधी २००७ मध्ये इस्रायलचा 'द बॅन्ड्स व्हिजिट' अशाच कारणाने गेला होता; त्यात इजिप्तहून आलेले वादक आणि इस्रायली गावकरी मोडक्यातोडक्या इंग्रजीत बोलतात, कारण दोघांना समजणारी दुसरी भाषाच नाही. उलट 'ल बाल' हा अल्जीरियाने पाठवलेला चित्रपट आणि लाटव्हियाचा 'फ्लो' यांत एक शब्दही संवाद नाही, आणि दोघांनाही या विभागात नामांकन मिळाले. ते मिळाले हे उत्तम झाले. परंतु मुका चित्रपट चालतो आणि कथेच्या गरजेपोटी इंग्रजी बोलणारा चालत नाही, याचे समर्थन करणे कठीण आहे. ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियातल्या मोठ्या इंग्रजी चित्रपटांनी या विभागात गर्दी करू नये म्हणून काहीतरी मर्यादा लागेल, हे मला मान्य आहे. ती मर्यादा घड्याळ लावून मोजण्याऐवजी अपवादाचा अधिकार आपल्या कार्यकारी समितीकडे द्यावा आणि प्रत्येक निर्णयाची कारणे प्रसिद्ध करावीत, इतकीच माझी सूचना आहे.

आता देशांच्या मार्गाच्या बाजूने जे बोलले जाते त्याकडे वळतो. ते म्हणणे हलके नाही. एक देश, एक चित्रपट या नियमाने फ्रान्सला आणि भूतानला सारखीच एक खुर्ची दिली. ही खुर्ची नसती तर लाटव्हियाचे, भूतानचे चित्रपट आपल्या सभासदांनी पाहिले असते का, याची मला शंका आहे. दार सताड उघडले तर बड्या वितरकांचे आणि स्ट्रीमिंग कंपन्यांचे चित्रपट प्रचाराच्या जोरावर पुढे येतील आणि लहान देश मागे ढकलले जातील. ९७व्या पुरस्कारांसाठी पंच्याऐंशी देशांचे चित्रपट पात्र ठरले होते, ९३व्या वेळी हा आकडा त्र्याण्णव होता. स्वेच्छेने मतदान करणाऱ्या सभासदांना तेवढेच नेमाने पाहणे जड जाते. म्हणून देशांची जागा जशी आहे तशी राहू द्यावी, असे मी सुरुवातीला म्हटले. तिला हात न लावता शेजारी दुसरे, अरुंद दार काढता येईल.

अमेरिकेत प्रदर्शित करून इतर विभागांत उतरण्याची वाट मोकळी आहेच, असे कुणी म्हणेल. आहे. 'पॅरासाइट' या कोरियन चित्रपटाने त्या वाटेने सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान मिळवला, आणि तो परभाषिक चित्रपटाला प्रथमच मिळाला. पण त्यासाठी अमेरिकी वितरक लागतो, प्रचाराला पैसा लागतो, आणि ज्यांच्याकडे तो आहे त्यांना या पत्राची गरज नाही. शिवाय या वाटेमुळे विसंगती उघडी पडते ती वेगळीच. २०२३ मध्ये फ्रान्सने 'ॲनाटॉमी ऑफ अ फॉल' ऐवजी 'द टेस्ट ऑफ थिंग्ज' पाठवला. कानचे सर्वोच्च पारितोषिक मिळवलेला 'ॲनाटॉमी ऑफ अ फॉल' आपल्याकडे सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या दहा नामांकनांत होता, मूळ पटकथेचा पुरस्कार त्याने जिंकला, आणि आंतरराष्ट्रीय चित्रपटाच्या विभागात मात्र तो नव्हता. साऱ्या जगातल्या दहा उत्तम चित्रपटांत बसणारा चित्रपट अमेरिकेबाहेरच्या पाच उत्तम चित्रपटांत बसत नाही, असे आपले निकाल सांगतात.

महोत्सवांतल्या पारितोषिकांना थेट प्रवेश द्यावा, असाही विचार मांडला जातो. लघुपटांसाठी आणि माहितीपटांसाठी आपण मान्यताप्राप्त महोत्सवांच्या याद्या ठेवलेल्याच आहेत, त्यामुळे ही कल्पना आपल्याला परकी नाही आणि मी तिचे स्वागत करतो. मात्र मोजक्या मोठ्या महोत्सवांच्या सर्वोच्च पारितोषिकापुरते ते दार ठेवले तर फारसे साधणार नाही. 'ऑल वुई इमॅजिन'ला कानमध्ये मिळाले ते दुसऱ्या क्रमांकाचे पारितोषिक होते. त्या दारातूनही तो आत येऊ शकला नसता. आणि कान, व्हेनिस, बर्लिन या महोत्सवांत पोहोचणारे चित्रपट बहुतेक वेळा युरोपातल्या निधीशी आधीच जोडलेले असतात, हे चित्रपटांच्या अर्थकारणाशी परिचित असलेल्या कुणालाही ठाऊक आहे.

माझा प्रस्ताव शिफारशीचा आहे. आपल्या संस्थेत नवा सभासद घेताना त्याच्या शाखेतल्या, म्हणजे अभिनय, दिग्दर्शन, लेखन अशा व्यवसायानुसार पाडलेल्या गटातल्या, दोन सभासदांनी त्याचे नाव सुचवण्याची पद्धत आहे. तीच थोडी मोठी करून चित्रपटाला लावावी. बाकीच्या अटी पूर्ण करणाऱ्या, पण कुठल्याही देशाने न पाठवलेल्या चित्रपटाची किमान पंचवीस सभासदांनी लेखी शिफारस करावी. ते सभासद किमान तीन शाखांतले आणि किमान तीन देशांत राहणारे असावेत, आणि त्या चित्रपटाशी किंवा त्याच्या वितरकाशी त्यांचा व्यावसायिक संबंध नसावा. एका सभासदाला वर्षात एकाच चित्रपटाची शिफारस करता यावी, म्हणजे कुणी ती उधळणार नाही. अशा रीतीने येणाऱ्या चित्रपटांची संख्या दहावर थांबवावी. अधिक आले तर कार्यकारी समितीने त्यांतून दहा निवडावेत, आणि ते निवडताना ज्यांना अमेरिकी वितरक नाही त्यांना अग्रक्रम द्यावा. पुढच्या फेरीत हे दहा आणि देशांनी पाठवलेले ऐंशी-नव्वद एकाच यादीत, एकाच मतदानाला सामोरे जावेत. यादीत आधी चित्रपटाचे आणि दिग्दर्शकाचे नाव असावे. देशाचे नाव माहिती म्हणून खाली येऊ द्यावे.

पंचवीस हा आकडा मी अंदाजाने सुचवतो आहे. तो पन्नास केला तरी माझी हरकत नाही. या मार्गानेही ओळखीपाळखीचे राजकारण होईल, असा आक्षेप येईल आणि तो अगदी निराधार नाही. पण आज ते राजकारण प्रत्येक देशात बंद खोलीत होते आणि त्याचा जाब कुणाला विचारता येत नाही. शिफारस करणाऱ्यांची नावे प्रसिद्ध केली तर निदान कोणी कशाला पाठिंबा दिला, ते दिसेल. निवड समित्यांत निम्मे तरी सदस्य चित्रपटकलेशी संबंधित असावेत, अशी अट आपण अलीकडे घातली आहे. तिच्या जोडीला समितीच्या सदस्यांची नावे, तिच्यासमोर आलेल्या चित्रपटांची यादी आणि निवडीची कारणे प्रसिद्ध करण्याचे बंधनही घालावे. भारतात २०२४ च्या समितीत तेरा सदस्य होते आणि त्यांत एकही स्त्री नव्हती, हे लोकांना समजले ते समितीचे छायाचित्र आणि नावे पुढे आली म्हणून.

असा प्रयोग आपल्याला नवा नाही. २००७ साली क्रिस्तियान मुंजियु यांचा 'फोर मंथ्स, थ्री वीक्स अँड टू डेज' हा कानविजेता रुमानियन चित्रपट निवडक यादीतही आला नाही, तेव्हा सर्वत्र नाराजी व्यक्त झाली. त्यानंतर आपण सभासदांच्या निवडीत राहून गेलेले तीन चित्रपट यादीत घालण्याचा अधिकार एका कार्यकारी समितीला दिला, तो अनेक वर्षे चालवला, आणि मतदान सर्व शाखांच्या सभासदांना खुले झाल्यावर तो काढूनही घेतला. शिफारशीचा मार्गही असाच तीन वर्षांसाठी आणता येईल. तीन वर्षांनी त्यातून आलेल्या चित्रपटांपैकी किती निवडक पंधरांत पोहोचले, त्यांतले किती वितरकाविना आले होते आणि देशांनी पाठवलेल्या लहान चित्रपटांना त्याचा धक्का बसला का, हे तपासावे आणि मग तो ठेवायचा की काढायचा ते ठरवावे. नवी नियमावली आपण सहसा वसंत ऋतूत जाहीर करता. त्याआधीच्या बैठकीत हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर घ्यावा, ही विनंती.

आपला,
एक मराठी चित्रपटरसिक